गळावरील कृत्रिम माशी : तिच्या अंगाचे द्रव्य कसे निवडावे?

गळ टाकून मासे धरणारी मंडळी आमच्या नाशकास नवीन नाहीत. पावसाळा ओसरला म्हणजे गोदावरीच्या व दारणेच्या तीरी, वेळूच्या काठीस दोरी, दोरीस गळ आणि गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तासन् तास बसलेली मुले व प्रौढ माणसे कोणी पाहिली नाहीत? परंतु गळास खाण्याचा पदार्थ मुळीच न लावता, केवळ लोकर, रेशीम व पिसे ह्यांची बनविलेली खोटी माशी पाण्यावर सोडून मासे धरण्याची एक फार जुनी विद्या आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. ही माशी बहुधा करंगळीच्या नखावर मावेल एवढी लहान असते. तिला शेपूट, अंग, पाय व पंख असतात, आणि ती बांधण्याचे काम सोनाराच्या कामाप्रमाणे नाजूक असते.

प्रस्तुत लेखात त्या माशीच्या सर्व अवयवांचा विचार न करता फक्त तिच्या अंगाचा, म्हणजे धडाचा, विचार करावयाचा आहे. हे अंग बहुधा लोकर अथवा जनावराची लव पिंजून, मेण लावलेल्या दोऱ्याभोवती तिचा पीळ देऊन, आणि तो दोरा गळाच्या दांडीवर गुंडाळून तयार करतात. ह्या कृतीस व त्या पिंजलेल्या मिश्रणासही इंग्रजीत डबिंग असे म्हणतात. आता हे मिश्रण कशाचे करावे? नवशिका मनुष्य खऱ्या माशीचा रंग पाहतो, त्याच रंगाची लोकर शोधतो, ती तळहातावर ठेवून ताडून पाहतो, आणि आपले काम झाले असे समजतो. परंतु माशी पाण्यात जावयाची असते, कोरड्या तळहातावर राहावयाची नसते. आणि तिची परीक्षा करणारा जो मासा, तो तिच्याकडे खालून पाहत असतो. सबब द्रव्य निवडताना तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. ते तरंगते की बुडते? भिजल्यावर कसे दिसते? आणि सर्वांच्या शेवटी, त्याचा रंग कोणता? ह्या क्रमातच ह्या विद्येचे मर्म आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

ज्या माशासाठी ही विद्या विशेषेकरून वाढली तो ट्राऊट मासा होय. तो थंड व वाहत्या पाण्याचा रहिवासी आहे. पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. दहा अंश सेंटिग्रेड उष्णमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. तेच पाणी तीस अंशांपर्यंत तापले म्हणजे तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. ट्राऊटास प्राणवायू पुष्कळ लागतो, आणि पाण्याचे उष्णमान वीस अंशांपलीकडे गेले म्हणजे तो कासावीस होऊ लागतो. ह्यास्तव आमच्या गोदावरीत तो नांदणे शक्य नाही. तो मूळचा हिंदुस्थानचाही नव्हे. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल नावाचे स्कॉटिश गृहस्थ होते. त्यांच्या खटपटीने तो काश्मीरात आला. १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्ड ह्यांनी विलायतेहून पाठविलेली अंडी फुकट गेली, परंतु १९०० साली आलेली दुसरी खेप जगली, आणि तिच्यापासून काश्मीरच्या ओढ्यांत ट्राऊटाची वस्ती झाली. कुलूच्या खोऱ्यात तो १९०९ साली नेण्यात आला. दक्षिणेत नीलगिरीवर डॉक्टर फ्रान्सिस डे ह्यांनी एकोणिसाव्या शतकात केलेल्या प्रयत्नांस यश आले नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी एच. सी. विल्सन ह्यांनी ॲव्हलांच येथे अंडी उबविण्याचे केंद्र काढले, तेव्हा तेथे इंद्रधनुषी ट्राऊट स्थिर झाला. हा मासा पाहावयास नाशिककरास एक तर उत्तरेकडे हिमालयात किंवा दक्षिणेकडे उटकमंड व मुन्नार येथे जावे लागेल. परंतु त्याच्यासाठी माशी कशी बांधतात हे शिकण्यास घर सोडण्याचे कारण नाही. कारण ह्या कामास लागणारे पुष्कळसे जिन्नस आमच्याच जिल्ह्यात मिळतात.

ही विद्या किती जुनी आहे ते पाहू. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेला ईलियन नावाचा रोमन ग्रंथकार प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात लिहितो की, मासेदोनियातील बिरुया व थेस्सलनीका ह्या नगरांच्या दरम्यान वाहणाऱ्या एका नदीत अंगावर ठिपके असलेले मासे आहेत, आणि ते पाण्यावर उडणारी एक विशिष्ट माशी खातात. ती माशी हाताने धरली असता तिचा रंग बिघडतो व ती गळास लावण्याजोगी राहत नाही. म्हणून तेथील कोळी गळास तांबडी लोकर गुंडाळतात व तिला कोंबड्याची दोन पिसे जोडतात. ही दोन्ही नगरे शास्त्रवाचनामुळे आमच्या अनेक वाचकांच्या परिचयाची आहेत. ह्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या ह्या पहिल्या वर्णनातही माशीचे अंग लोकरीचेच आहे. पुढे १४९६ साली विलायतेत छापलेल्या मत्स्यमृगयेवरील एका निबंधात बारा माश्यांची वर्णने आली. त्यांपैकी बहुतेकांची अंगेही निरनिराळ्या रंगांच्या लोकरीचीच सांगितली आहेत.

आता ट्राऊट खातो काय ते समजून घेतले पाहिजे, कारण त्यावाचून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. त्याच्या आहारात मे-फ्लाय ह्या कीटकास मोठे स्थान आहे. हा कीटक आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली दगडांच्या आश्रयाने अळीच्या रूपात काढतो. त्र्यंबकाच्या बाजूच्या वाहत्या ओढ्यातील एखादा दगड हळूच उचलून त्याची खालची बाजू पाहिली, तर चपट्या अंगाचे, शेपटीस दोन किंवा तीन तंतू असलेले व पोटाच्या दोन्ही बाजूंस कल्ले हलविणारे जीव दृष्टीस पडतील. तेच हे होत. पूर्ण वाढ झाली म्हणजे अळी पाण्याच्या पृष्ठभागावर येते, तिची कात फाटते, आणि आतून मळकट पंखांची माशी बाहेर पडून क्षणभर पाण्यावर बसून राहते. मग ती उडून जाते, आणखी एकदा कात टाकते व चकचकीत पंखांची होते. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटक नाही. ह्या शेवटच्या अवस्थेत ती काही खात नाही. अंडी घालते आणि एकदोन दिवसांत मरून पाण्यावर पडते.

म्हणजे मासा एकच कीटक तीन ठिकाणी खातो. तळाशी अळी असताना, पृष्ठभागाकडे येत असताना, आणि पाण्यावर तरंगत असताना. कृत्रिम माशी ह्यांपैकी कोणत्या अवस्थेची आहे हे आधी ठरवावे, म्हणजे अंगाचे द्रव्य तरंगणारे हवे की बुडणारे हवे, ह्याचा निर्णय आपोआप होतो. तळाशी राहावयाची अळी जर तरंगणाऱ्या द्रव्याची केली, तर रंग कितीही हुबेहूब असला तरी ती माशाच्या डोक्यावरून निघून जाईल.

द्रव्यांची ही परीक्षा कोणासही घरी करता येईल. एका परातीत पाणी घ्यावे. त्यात सावरीच्या बोंडातील कापसाची एक चिमूट, जखमेवर बांधावयाच्या औषधी कापसाची एक चिमूट, सुतळीचे थोडे तंतू, मेंढीची धुतलेली लोकर आणि रेशमाचा एक धागा अशी द्रव्ये टाकावीत, व प्रत्येक बोटाने पाण्याखाली दाबून सोडावे. औषधी कापूस पाहता पाहता पाणी पिऊन खाली जाईल. रेशीम, सुतळी व धुतलेली लोकर बोटांनी चांगली भिजवली म्हणजे तीही जातील. परंतु सावरीचा कापूस पुन्हा पुन्हा वर येईल. त्याचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असून बाहेरून मेणचट असतो, म्हणून त्यात पाणी सहजासहजी शिरत नाही. ह्याच जातीचा कापूस, ज्यास परदेशात कपोक म्हणतात, एके काळी बोटीवरील प्राणरक्षक जाकिटांत भरीत असत, आणि आज तो तरंगत्या माश्यांच्या अंगासाठीही वापरतात. शिमगा सरल्यावर रानात सावरीची बोंडे फुटून जो कापूस वाऱ्यावर उडतो, तो गोळा करून ठेवल्यास ह्या कामाचे एक उत्तम द्रव्य एक पैही न खर्चता हाती येईल.

लोकरीविषयी एक सूचना येथे केली पाहिजे. मेंढीच्या अंगावरून नुकत्याच कातरलेल्या लोकरीस नैसर्गिक तेल असते, त्यामुळे ती काही वेळ पाणी झिडकारते. बुडणाऱ्या माशीसाठी ती वापरावयाची असल्यास कोमट पाण्यात साबण घालून धुवावी व सावलीत वाळवावी. उलट तरंगत्या माशीसाठी हे तेल उपकारकच होते. पाण्यात राहणाऱ्या जनावरांची मऊ लव, उदाहरणार्थ अमेरिकेतील बीव्हर व मस्करॅट ह्यांची, दाट व बारीक असल्याने तरंगत्या माश्यांसाठी प्रसिद्ध आहे. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी जी तेलाची ग्रंथी असते, तिच्याभोवतालची भुरभुरीत पिसेही तशीच उपयोगी पडतात. बुडणाऱ्या माशीस वजन हवे असेल तर अंगाखाली तांब्याची बारीक तार गुंडाळतात. इंग्लंडात एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर ह्यांनी तर दोऱ्याची फारकत करून केवळ तांब्याची तार व फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू एवढ्यावरच आपली अळी बांधली, आणि ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात एकही भपकेदार वस्तू नाही. पण ती जेथे जावयास पाहिजे तेथे, म्हणजे तळाशी, लवकर जाते.

दुसरा प्रश्न भिजल्यावरच्या रूपाचा. पांढरे मलमलीचे कापड कोरडे असताना शुभ्र व अपारदर्शक दिसते, पण भिजले म्हणजे काळवंडते व त्याच्या आरपार दिसू लागते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. ह्याचे कारण असे की, कोरड्या कापडात तंतू व हवा ह्यांच्या सरहद्दीवर प्रकाश पुन्हा पुन्हा उलटून विखुरतो. तंतूंच्या मधील हवेची जागा पाण्याने घेतली म्हणजे तंतू व पाणी ह्यांच्या वक्रीकरणशक्तीतील अंतर थोडे असल्यामुळे प्रकाश तितका विखुरत नाही, तो आत शिरतो. रेशमावर हा परिणाम विशेष दिसतो. पेटीत असताना लोण्यासारखा पिवळा दिसणारा रेशमी धागा मेण लावून भिजवला म्हणजे शेवाळी छटेचा होतो. कुशल कारागीर ह्या दोषाचाच गुण करून घेतात. ते आत पिवळे रेशीम गुंडाळून त्यावर विरळ लव चढवितात. माशी भिजली म्हणजे आतला पिवळेपणा लवेतून झिरपून दिसतो, आणि खऱ्या कीटकाच्या पातळ कातडीखालील रसाचा भास होतो.

ह्यात माशाच्या दृष्टीचाही विचार करावा लागतो. पाण्याखालून वर पाहणाऱ्यास बाहेरचे जग सुमारे सत्त्याण्णव अंशांच्या एका गोल झरोक्यातूनच दिसते. त्या झरोक्याच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन नदीचा तळच प्रतिबिंबित करतो. झरोक्यात आलेली माशी उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते, म्हणजे प्रकाश तिच्या मागून येत असतो. अशा स्थितीत घट्ट व अपारदर्शक अंग केवळ काळा ठिपका होते. परंतु ज्या अंगाच्या कडेने बारीक केस सुटलेले आहेत, त्याच्या भोवती प्रकाशाचे एक वलय उमटते. म्हणून मिश्रणाची परीक्षा सावलीत तळहातावर करू नये. ते भिजवून, चिमटीत धरून, प्रकाशाच्या व आपल्या डोळ्यांच्या मध्ये आणून पाहावे. हा उपदेश नवा नाही. आयझॅक वॉल्टन ह्याचा मत्स्यमृगयेवरील प्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली निघाला. त्याच्या १६७६ सालच्या आवृत्तीस चार्ल्स कॉटन ह्याने जो भाग जोडला त्यात लव सूर्याकडे धरून तिचा खरा रंग ओळखावा, असे सांगितले आहे. सावलीत काळे दिसणारे केस उन्हात धरले असता तांबूस दिसतात, हे कोणत्याही काळ्या शेळीच्या केसांवरून पडताळून पाहता येईल.

आता तिसरा प्रश्न, रंगाचा. आणि मिश्रणाची खरी मौज येथेच आहे. निसर्गात कीटकाचे अंग एकरंगी नसते. शेवाळी दिसणारी अळी जवळून पाहिली तर तीत पिवळा, तपकिरी, हिरवा व करडा असे सारे रंग सापडतात. एका डब्यातील एकाच रंगाने रंगविलेली लोकर ह्याची बरोबरी करू शकत नाही. ती निर्जीव दिसते. परंतु तीन-चार रंगांचे तंतू एकत्र पिंजले म्हणजे दुरून त्यांचा एक रंग भासतो, आणि जवळून तो जिवंतपणे हलतो. येवल्याची पैठणी ज्यांनी हातात घेऊन पाहिली आहे त्यांस हे अधिक सांगावयास नको. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घालून विणकर जी धूपछाव साधतो, तिचे तत्त्व आणि माशीच्या मिश्रणाचे तत्त्व एकच आहे. दोन्ही ठिकाणी रंग एकमेकांत कालवले जात नाहीत. ते शेजारी शेजारी राहतात, आणि मिलाफ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होतो.

मिश्रणात रंगाइतकेच महत्त्व तंतूंच्या जातीस आहे. मऊ, आखूड व बारीक लव दोऱ्यास चटकन चिकटते, पण तिचे अंग गुळगुळीत होते. राठ व लांब केस चमकतात, बाहेर उभे राहतात, पाण्यात हालतात व पायांचा भास उत्पन्न करतात, पण एकटे असता दोऱ्यावर टिकत नाहीत. ह्यास्तव दोहोंची सांगड घालतात. विलायतेतील रानसशाच्या चेहऱ्याची व कानांची लव इतकी नावाजली आहे त्याचे कारण हेच की, तिच्यात मऊ व राठ असे दोन्ही प्रकार निसर्गतःच एकत्र असतात. सोनेरी तारेचे वेढे दिलेली ह्या लवेची माशी शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. नवशिक्याने आरंभी तीन भाग मऊ लव व एक भाग राठ केस असे प्रमाण धरावे, व मग अनुभवाने कमीजास्त करावे. आमच्याकडे पाळीव सशाची लव अथवा धुतलेली बारीक लोकर हा मऊ भाग, आणि शेळीचे केस बोटाच्या पेराएवढे कातरून घेतले म्हणजे राठ भाग, अशी सोय सहज होते. रानसशाऐवजी शेळी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. सील ह्या समुद्रातील प्राण्याची चकचकीत लव एके काळी फार मागितली जाई. अमेरिकेने १९७२ साली व युरोपीय संघाने २००९ साली तिच्या व्यापारावर कडक निर्बंध घातले, तेव्हा तिची जागा घेतली ती मुख्यतः शेळीच्याच केसांनी.

मिसळण्याच्या दोन रीती आहेत. थोडे मिश्रण हवे असेल तर पिंजाऱ्याचे अनुकरण बोटांनी करावे. दोन रंगांच्या चिमटी एकमेकींवर ठेवून ओढाव्यात, पुन्हा ठेवाव्यात, पुन्हा ओढाव्यात. आठदहा वेळा असे केले म्हणजे ती एकजीव होऊ लागतात. अधिक हवे असेल तर रुंद तोंडाच्या बरणीत कोमट पाणी व साबणाचा एक थेंब घेऊन त्यात सर्व द्रव्ये टाकावीत, झाकण लावून जोराने हालवावे, मग गाळणीवर गाळून, स्वच्छ पाण्याने धुऊन कागदावर वाळवावे. दोन्ही रीतींत एक पथ्य पाळावे. मिश्रण इतकेही घोटू नये की सर्व रंग नाहीसे होऊन एकच मळकट रंग उरेल. रंगांचे कण निरनिराळे ओळखू येत आहेत, तोपर्यंतच थांबावे.

मिश्रणाची किंमत किती असू शकते ह्याविषयी एक खरी हकीकत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडातील डेव्हन परगण्यात टिव्हर्टन गावी आर. एस. ऑस्टिन नावाचे एक तंबाखूचे दुकानदार फावल्या वेळी माश्या बांधीत. विसाव्या शतकाच्या आरंभास त्यांनी मेंढ्याच्या लोकरीत सीलची लव, एका जातीच्या कुत्र्याचे फिकट पिवळे केस व थोडे मोहेर मिसळून एक मिश्रण तयार केले. त्याची माशी अतिशय यशस्वी झाली. लंडनचे वकील व ह्या विद्येवरील थोर लेखक जी. ई. एम. स्क्यूज ह्यांस ऑस्टिन ह्यांनी ती कृती विश्वासाने सांगितली होती. ऑस्टिन ह्यांच्या मृत्यूनंतर त्यांची मुलगी त्याच माशीच्या विक्रीवर धंदा चालवू लागली. स्क्यूज ह्यांनी एवढे ग्रंथ व लेख लिहिले, परंतु तिने धंदा सोडीपर्यंत ती कृती त्यांनी प्रसिद्ध केली नाही. कारण ती उघड झाली असती तर तिच्या चरितार्थावर गदा आली असती. लोकरीच्या चार चिमटींचे प्रमाण एवढीच ती गोष्ट, पण त्या प्रमाणावर एका घराची चूल पेटत होती. आणि ते जाणून मौन धरणारा मित्र त्या घरास लाभला होता.

मिश्रण तयार झाल्यावर ते चढविण्याची कृती थोडक्यात सांगतो. गळ शेगड्यात घट्ट धरून त्याच्या दांडीवर मेण लावलेला बारीक दोरा गुंडाळावा. मग मिश्रणाची अगदी विरळ फुंकर, म्हणजे फुंकले असता उडून जाईल एवढीच लव, लोंबत्या दोऱ्यास लावून अंगठा व तर्जनी ह्यांच्यामध्ये एकाच दिशेने पीळ द्यावा. उलटसुलट पीळ दिल्यास जे वळले ते उकलते. दोरा शेपटीकडून डोक्याकडे गुंडाळीत न्यावा; शेपटीकडे अंग बारीक व छातीकडे थोडे जाड असावे, कारण कीटकाचे अंग तसेच असते. अंगावर जरीच्या बारीक तारेचे तीन-चार वेढे दिले म्हणजे कीटकाच्या पोटावरील वळ्या दिसतात व लवही बळकट बसते. शेवटी सुईच्या टोकाने छातीजवळचे थोडे केस बाहेर ओढून मोकळे करावेत. तेच माशीचे पाय. नवशिक्यांची नेहमीची चूक लव फार घेण्याची असते. जितकी लव पुरेशी वाटते तिच्या निम्मी घ्यावी, म्हणजे प्रमाण बहुधा बरोबर साधते.

येथे पालकांसाठी व मुलांसाठी एक इशारा देणे अवश्य आहे. माश्यांच्या अंगासाठी मोराच्या पिसाऱ्यातील तंतू फार प्रसिद्ध आहेत. त्यांचा तांबूस-हिरवा झळाळ दुसऱ्या कोणत्याही द्रव्यास नाही. तसेच आमच्या सह्याद्रीतील करड्या रानकोंबड्याच्या मानेची पिसे परदेशी कारागिरांनी फार मागितली, आणि त्यापायी ह्या पक्ष्याची पुष्कळ हत्या झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोर, रानकोंबडा, रानससा व मुंगूस ह्या सर्वांस आता संरक्षण आहे. त्यांस मारणे हा अपराध आहे. मोराने आपोआप गाळलेले पीस घरी ठेवण्यास हरकत नाही, पण मोरपिसे परदेशी पाठविण्यास मनाई आहे. विरंगुळ्याच्या एका छंदासाठी रानातील जीव जावा, असे कोणी म्हणणार नाही. आणि वर सांगितलेल्या द्रव्यांत सावरीचा कापूस, शेळीचे केस, मेंढीची लोकर, गावठी कोंबड्याची गळालेली पिसे, सुतळी व रेशीम एवढी विविधता असता त्याची गरजही नाही. मे-फ्लायच्या अळीसाठी सुतळीचे पिंजलेले तंतू शेळीच्या केसांत मिसळून पाहावेत. सुतळीचा रंग भिजल्यावर गडद होतो व दगडाखालच्या अळीच्या रंगाजवळ जातो.

गळ हे धारदार हत्यार आहे, हेही विसरू नये. लहान मुलांनी प्रथम टोक घासून बोथट केलेल्या गळावर किंवा वाकविलेल्या जाड तारेवर सराव करावा, व वडील माणूस जवळ असावे. ट्राऊटाच्या नद्यांवर मासे धरण्यास त्या त्या राज्याच्या मत्स्यखात्याचा परवाना लागतो. परंतु ज्यास कधीच नदीवर जावयाचे नाही त्यासही हा उद्योग व्यर्थ नाही. अळी पाहावयास ओढ्यातील दगड उलटावा लागतो, म्हणजे जीवशास्त्राचा पाठ होतो. भिजलेले रेशीम का काळवंडते हे विचारावे लागते, म्हणजे पदार्थविज्ञानाचा पाठ होतो. आणि बोटांस जी सफाई येते ती कोणत्याही धंद्यात कामास येते.

विद्यार्थिमित्रांनो, परातीतील पाण्याचा प्रयोग ह्या सुट्टीत अवश्य करून पाहा. घरात, परसात व रानात मिळतील तेवढी द्रव्ये गोळा करा, आणि प्रत्येकापुढे एका वहीत तीन रकाने मांडा: तरंगते की बुडते, भिजल्यावर कसे दिसते, आणि उजेडाकडे धरले असता रंग कोणता. मेंढीची एकच लोकर तेलासकट व तेल काढून अशी दोन्ही प्रकारे तपासा, म्हणजे एका जिनसाच्या दोन निराळ्या नोंदी होतील. वही भरली म्हणजे एक चिमूट मिश्रण स्वतःच्या हाताने पिंजून, भिजवून, खिडकीशी उभे राहून उजेडाकडे धरा. ओढ्यातल्या दगडाखाली पाहिलेल्या त्या लहानग्या जिवाचा रंग त्यात तुम्हांस दिसू लागला, म्हणजे मिश्रण साधले असे समजण्यास हरकत नाही.